सोलकरचाचांचे नऊ दिवस

आधी माफी मागते. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं मला मनापासून वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा एसी दुरुस्तीच्या कामावर सुपरवायझर आहेत, आईची शाळा सातवीत सुटली. मी दोह्यात इंग्रजी शाळेत वाढले, त्यामुळे माझं मराठी जेवताना बोलण्याइतपत. लिहायला बसले की दर दोन ओळींनी थांबून आईला विचारावं लागतं. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते माझ्या नात्याचे नाहीत, आणि त्यांना दिलेला शब्द मी मोडलेला आहे. तरीही इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादक ताईंनी एखाद्या माणसाविषयी लिही म्हटलं तेव्हा सोलकरचाचांशिवाय कुणीच डोळ्यांसमोर येईना. चुकलं तर सांभाळून घ्या.

दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आणि समोरच्या दारात बॅचलर रूम. इथं बॅचलर म्हणजे ज्याची बायको गावाकडे आहे तो. इब्राहिम सोलकर यांना एक मुलगा होता, सून होती, नातू शाळेत जात होता, आणि ते सत्तावीस वर्षं बॅचलर होते. सहा माणसांच्या खोलीत दुमजली खाटा, त्यातला खिडकीजवळचा वरचा बंक त्यांचा. गाव रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीच्या काठाला. बोलणं तिकडचंच. 'मला'ला 'मना' म्हणायचे, 'आहे'ला 'हाय'. बाबांचं नाशिककडचं मराठी आणि चाचांचं कोकणी मराठी जिन्यात एकमेकांना भेटलं की दोघंही आवाज चढवायचे, आणि मधेच आई हिंदीत विचारायची, चाय लेंगे क्या.

इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती, तिथं चाचा तिकिटं काढायचे. त्यांच्या डोक्यात जग विमानतळांच्या तीन-तीन अक्षरांत बसवलेलं होतं. नवा माणूस काउंटरपाशी आला की ते नाव विचारत नसत. चेहरा बघून म्हणायचे, "केटीएम?" आणि तो काठमांडूचा असायचा. "सीओके?" कोचीचा. मला ते 'कॉलेज' म्हणायचे. अ‍ॅडमिशन झाली त्या दिवसापासून माझं नाव सुटलं ते सुटलंच. काय कॉलेज, आज सुट्टी? कॉलेज, जरा लिफ्ट धर.

पण त्यांची खरी ख्याती तिकिटांसाठी नव्हती. ते कार्टन बांधायचे, म्हणजे गावाला न्यायची पुठ्ठ्याची खोकी. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की गावाला निघालेली माणसं आपापलं सामान घेऊन आमच्या मजल्यावर यायची. टाइल्स बसवणारे, ड्रायव्हर, सूक वाकिफच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात काम करणारे. चाचा जिन्यात चटई टाकून बसायचे. पावडर दुधाचे डबे तळाला, त्यावर ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या टॉवेलच्या घडीत, खजूर कडेकडेनं. मग तपकिरी टेप, मग पिवळी दोरी, आणि शेवटची गाठ मारली की तळहात झटकून म्हणायचे, खलास. कार्टन एकदा उचलायचे आणि डोळे मिटून सांगायचे, एकोणतीस किलो आठशे. काट्यावर ठेवलं की एकोणतीस आठशेच. शेवटी काळ्या मार्करनं सहाच्या सहा बाजूंना नाव. एका बाजूला लिहिलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की विमानतळाच्या पट्ट्यावर पेटी कशीही पडू दे, माणसाचं नाव वरच्या अंगाला दिसलं पाहिजे.

त्यांचा एक नियम होता. माणूस आधी पोचला पाहिजे, सामान मागून. एकदा गोरखपूरकडचा एक गवंडी आला. त्याला कार्टन पुढे कार्गोनं पाठवायचं होतं आणि स्वतः दोन आठवड्यांनी निघायचं होतं. चाचांनी दोरी खाली ठेवली आणि बांधायला साफ नकार दिला. तो चिडला, पैसे वाढवून देतो म्हणाला. तेव्हा चाचांनी त्याला शेजारी बसवून हळू आवाजात सांगितलं, की आखातातल्या माणसाचं सामान त्याच्याशिवाय दारात उतरलं तर गावात त्याचा एकच अर्थ होतो, माणूस गेला. त्यांच्या स्वतःच्या आळीत तसं एकदा झालेलं होतं आणि ती पेटी उघडायला कोणाचा हात धजला नव्हता. गवंड्यानं निमूट तारीख बदलली.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगते. वर्गातल्या सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. लायब्ररीत कार्ड कुठं दाखवायचं, सरांना मेल कसा लिहायचा. त्यांच्या घरी कुणीतरी आधी शिकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी घरी न जाता जिन्यातच बसून रडत होते. चाचा वर आले. काय झालं ते मी अर्धवटच सांगितलं. ते दोन पायऱ्या खाली बसले आणि म्हणाले, "कुठल्याबी नव्या गावात पहिले तीन दिवस असंच होतं, कॉलेज. चौथ्या दिवशी तूच कोणालातरी रस्ता सांगशील."

चौथ्या दिवशी खरंच एका मुलीनं मला झेरॉक्सचं दुकान विचारलं आणि मी सांगितलं. आनंदानं धावत चाचांच्या काउंटरवर गेले. तेव्हा बोलता बोलता कळलं, की हा माणूस स्वतः कुठल्याच नव्या गावाला गेलेला नव्हता. दोहा, मुंबई, रत्नागिरी. सत्तावीस वर्षं तोच एक रस्ता, जायचा आणि यायचा.

त्याच दिवशी त्यांनी मला व्हिएनतिआनचं सांगितलं. लाओस नावाच्या देशाची ती राजधानी. इतक्या वर्षांत त्यांनी तिथलं एकच तिकीट काढलं होतं, अल गराफा भागातल्या एका व्हिलात घरकाम करणाऱ्या बाईसाठी. तिथं बघण्यासारखं काय आहे असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, काही नाही. एक नदी आहे, आणि राजधानी असूनसुद्धा कोणाला घाई नाही. चाचांना हे फार आवडलं होतं. पॅरिस, लंडन, सिंगापूर सगळीकडची तिकिटं त्यांनी काढली, पण "काही नाही" असं अभिमानानं सांगणारं गिऱ्हाईक एकच.

गेल्या वर्षी एजन्सी बंद व्हायचं ठरलं. लोक फोनवरच तिकिटं काढायला लागले होते. चाचांचा व्हिसा रद्द होणार होता. हिशेब झाला की कायमचं गावी. एका दुपारी ते आमच्या दारात आले, आई नाही हे बघून आत आले आणि म्हणाले की त्यांना घरी जायच्या आधी नऊ दिवस व्हिएनतिआनला जायचं आहे. पाठीवर पिशवी टाकून, गोरी पोरं जातात तसं. मी त्यांना लॅपटॉपवर मदत करावी आणि हे कोणालाही सांगू नये. माझ्या बाबांनासुद्धा नाही, कारण तो सरळ माणूस आहे, त्याला खोटं जमायचं नाही.

चाचींना तरी सांगा, मी म्हटलं. रुकय्याचाचींना मी कधी पाहिलं नव्हतं, फोनवरचा आवाज फक्त ओळखीचा होता.

चाचा टेबलावरचं प्लॅस्टिक नखानं खरवडायला लागले. "सांगितलं तर ती जा म्हणायची नाय आणि नको पण म्हणायची नाय. 'बरं' म्हणेल. तिचं ते 'बरं' मना झेपत नाय." मग म्हणाले, "कॉलेज, मी कवापण उतरलो की मना घ्यायला चार माणसं उभी असतात. चांगलीच माणसं. पण एकदा असं उतरायचं हाय, जिथं मना घ्यायला कोणीच आलेलं नाय."

मला तेव्हा ते बरोबर वाटलं आणि मी शब्द दिला. अजूनही पूर्ण चूक वाटत नाही. पण ज्या बाईनं सत्तावीस वर्षं वाट बघितली तिच्यापासून नऊ दिवस लपवायचे आहेत, हा विचार माझ्या मनात आला होता आणि मी तो बाजूला ठेवला, हेही इथं लिहायला हवं.

तयारीचे दिवस मजेचे होते. राहण्यासाठी मी त्यांना एक स्वस्त हॉस्टेल दाखवलं. एका खोलीत आठ जण, लोखंडी बंक, बाथरूम बाहेर, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. चाचा स्क्रीनजवळ गेले, परत मागे आले. जगभरची पोरं खिशातले पैसे देऊन बॅचलर रूममध्ये राहायला जातात, यावर त्यांचा विश्वासच बसेना. "आणि याला मजा म्हणतात?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग वरचा बंक मागून घे म्हणाले, खिडकीजवळचा.

पाठपिशवी त्यांनी स्वतः भरली. दोन शर्ट, एक लुंगी, नमाज पढायची जानमाज, औषधं, खजुराचा एक डबा. त्यात सहा वार पिवळी दोरीही होती. बॅकपॅकर दोरी नेत नाहीत, मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पिशवी उचलून डोळे मिटले. सात दोनशे. बाकीचं सगळं सामान त्यांनी चार कार्टनांत बांधलं आणि सहा दिवस आधी कार्गोनं रवाना केलं. घरी सांगितलं, कागदपत्रांना अजून थोडे दिवस लागतील. कार्गोला पंधरा-अठरा दिवस लागतात हे त्यांना पाठ होतं. तोवर ते स्वतः घरी पोचणार होते. नियम मोडत नव्हता. त्यांनी तो बोटांवर दोनदा मोजून बघितला होता.

गुरुवारी दुपारी मी त्यांना मेट्रो स्टेशनपर्यंत सोडलं. टॅक्सी करायला ते तयार नव्हते. बॅकपॅकर मेट्रोनं जातात. सरकत्या जिन्यावर उभे राहून ते खाली निघाले. विमानतळाला जाताना दर वेळी त्यांच्या दोन्ही हातांत ओझं असायचं. आज हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा खिशात घातले, एकदा मागे बांधले. शेवटी दोन्ही हातांनी पिशवीचे पट्टे छातीपाशी धरले, शाळेला निघालेल्या पोरासारखे, आणि मागे न बघता उतरून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

चार दिवस काहीच आलं नाही. इथलं सिम बंद झालं होतं, तिथलं त्यांनी घेतलं असेल असं मी धरून चालले. आणि पाचव्या दिवशी, जेवणाच्या वेळी, बाबांचा फोन वाजला. चाचांचा मुलगा अश्फाक होता. कार्गोवाल्यांनी कधी नव्हे ती घाई केली होती. दहाव्याच दिवशी टेम्पो दारात येऊन उभा राहिला आणि चार कार्टन उतरवून गेला. प्रत्येकाच्या सहा बाजूंना काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरांत इब्राहिम सोलकर. वडलांचा फोन तर चार दिवस लागतच नव्हता. अश्फाक एवढंच म्हणत होता, "काका, काय असेल ते खरं सांगा. आम्ही घट्ट हाव."

बाबा धावत समोरच्या खोलीत गेले. तिथल्यांनी सांगितलं, चाचा तो गुरुवार को ही निकल गये, बैग लेके. बाबा परत आले आणि बूट घालायला लागले. हॉस्पिटलं शोधायला निघाले होते ते. त्यांना लेस बांधता येईना. मी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं.

ऐकून बाबांनी बूट काढून ठेवले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. अश्फाकला त्यांनीच उलटा फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तिकडे फोन स्पीकरवर असावा, मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. चाची फोनवर आल्या.

"चाची, चाचा ठीक आहेत. ते व्हिएनतिआनला आहेत."

"कुठला हॉस्पिटल तो?"

"हॉस्पिटल नाही, गाव आहे. थायलंडच्या पलीकडं, लाओसमध्ये."

मागचं रडणं थांबलं.

"कंपनीनं पाठवलान?"

"नाही. फिरायला गेलेत."

"कोणाबरोबर?"

"एकटेच."

तिकडे कोणीतरी स्पीकर बंद केला. मग चाची म्हणाल्या, "बरं."

ते मला पण झेपलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी चाचांचे आवाजी मेसेज आले, एकामागून एक सात. हॉस्टेलच्या वायफायवर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा फोन चालू केला होता. घरचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. इतका मोकळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

पहिल्या दिवशी, ते सांगत होते, विमानतळाबाहेर नावाच्या पाट्या धरून माणसं उभी होती आणि त्यांनी सगळ्या पाट्या वाचल्या. आपलं नाव नाही याची खात्री करून घेतली आणि मग मोठ्यानं हसले. पण हॉस्टेलवर पोचल्यावर दिवसभर बाहेर पडायची हिंमत झाली नाही. बंकवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजनंतर चालायला गेले, तर रस्त्यावर भगव्या कपड्यांतले भिक्खू ओळीनं अनवाणी येत होते आणि बायका चटईवर बसून त्यांच्या पात्रांत भात घालत होत्या. आपण कुठं उभं राहावं ते न कळून चाचा एका झाडाला टेकले. वर बघितलं तर चाफा. गावच्या कबरस्तानात आहे तोच. इथं तो दर वळणावर होता, आणि लोक फूल कानात खोवून हिंडत होते. सगळ्या शहरात कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. बेकरीतला पाव हातभर लांब. भात चिकट, बांबूच्या टोपलीत मिळतो, हातानं गोळे करून खातात. हे बरं जमलं. एक लहानशी मशीद सापडली, तिथं एका म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि हे कुठले, कशाला आले, एकही प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी हॉलंडच्या एका मुलीच्या भल्यामोठ्या बॅगची चेन तुटली. चाचांनी दोरी काढली. बॅग अशी आवळून दिली की खोलीतले बाकीचे सहाही जण आपापल्या बॅगा घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांनी सगळ्यांच्या भरून दिल्या, वजनं सांगितली. एकाला ओरडले की ओले कपडे कोण तळाला घालतं.

सातवा मेसेज छोटा होता. "कॉलेज, आज चौथा दिवस. एका चिनी जोडप्यानं मना नदीचा रस्ता इचारला. मी सांगितला. बरोबर सांगितला."

मी उत्तर लिहायला घेतलं. टाइप केलं, पुसलं. शेवटी बोलूनच पाठवलं की कार्टन पोचली, घरी काय समजले, आणि मी सांगून टाकलं. दोन निळ्या खुणा आल्या. तासाभरानं एकच ओळ आली, मी घरी बोलतो.

त्यानंतर काही नाही. दिवाळी गेली, परीक्षा झाली. बाबांनी एकदा अश्फाकला फोन केला, तेव्हा अब्बा घरी आलेत एवढंच तो म्हणाला आणि विषय बदलला. चाचांच्या जुन्या नंबरवरचं व्हॉट्सअ‍ॅपचं चित्र एक दिवस नाहीसं झालं. समोरच्या खोलीत त्यांच्या बंकवर बिहारचा एक मुलगा आला. मी जिन्यातून जाताना त्या दाराकडे बघणं टाळत असे. शब्द पाळला असता तर एक घर रडत राहिलं असतं. मोडला, तर एका माणसाची आयुष्यातली एकुलती एक सहल मी अर्ध्यात तोडली. आणि मुळात सहलीची तयारी करून देताना मीच का थांबले नाही, इथपर्यंत मी दर वेळी येऊन थांबायचे.

मागच्या महिन्यात आईच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून आवाजी मेसेज आला. आईनं ऐकला आणि फोन माझ्याकडे दिला. रुकय्याचाची होत्या.

"तूच कॉलेज ना? आईला सांग, तुझ्यासाठीच हाय हा निरोप." मग त्या सरळ सांगतच गेल्या. चाचा पाच दिवस राहून सहाव्या दिवशीच परत निघाले होते, उरलेले चार दिवस सोडून. चाचींनी दीड महिना त्यांच्याशी 'बरं' सोडून दुसरा शब्द काढला नाही. मग एकदा अंगणात मासे साफ करताना त्यांनी सहज विचारलं की तिथं मासा कोणता मिळतो. चाचांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, बायका नेसतात काय. तेही सांगितलं. असं रोज एक, पावसाळाभर. पण पुढं पुढं चाचींच्या प्रश्नांना चाचांकडे उत्तरं उरेनात. नदीच्या पलीकडे काय आहे, माहीत नाही. भात घालायला बायका किती वाजता उठतात, माहीत नाही. तेव्हा चाची म्हणाल्या, अर्धवट बघून येणाऱ्या माणसाला एकटा पाठवण्यात अर्थ नाही.

"तर रत्नागिरीला जाऊन माझ्या पासपोर्टचं केलंय," चाची सांगत होत्या. "हे बाहेर बाकड्यावर बसले, मना आत एकटीलाच बोलवलान. माझ्या नावाची हाक मारली, पूर्ण नाव. तिथला तो फोटो काढणारा म्हणाला, आजी, हसायचं नाय, सरळ बघा. मी सरळ बघायचे आणि मना हसू यायचं. चार वेळा काढलान गो त्यानं. काल पासपोर्ट घरी आला, बघितला. चौथ्यात पण थोडं आलंच हाय."